कॅमेरा धरणाऱ्या बाईचा पत्ता

होशिना हात्सुएबाईंचं फोटोचं दुकान कामितानीच्या स्टेशनसमोर, उतार जिथे वळतो तिथे होतं. एका अंगाला ओबाताबाईंचं तोफूचं दुकान, दुसऱ्या अंगाला सायकलवाल्याचं, ते कधीच बंद पडलेलं. हिवाळ्यात डोंगरावरून कोरडा वारा सुटला की पुढच्या काचा दिवसभर वाजत राहायच्या आणि दारातल्या काचपेटीतले नवरानवरीचे फोटो दर दोन दिवसांनी पुसावे लागायचे. पासपोर्टचे फोटो, शाळाप्रवेशाचे फोटो, फिल्म धुऊन देणं, एवढाच धंदा. गावात कुणी वारलं की अंत्यविधीला मांडायचा मोठा फोटोही होशिनांकडूनच जायचा.

फोटो काढायचे ते नवरा, तेत्सुझो. व्हिडिओ हात्सुएबाईंचा. ही वाटणी चौऱ्याऐंशी साली झाली. बालवाडीने खेळांच्या दिवसाचा व्हिडिओ काढून मागितला, तेत्सुझोंनी कॅमेरा आणला खरा, पण दोन दिवसांत ते वैतागले. "माणसं एका जागी उभीच राहत नाहीत," ते म्हणाले. "हे काय फोटो काढणं झालं? तूच बघ बाई." तेव्हाचा कॅमेरा म्हणजे खांद्यावर भरलेली बादली. हात्सुएबाईंनी तो उचलला आणि पुढे पंधरा वर्षं कामितानीतली प्रत्येक लिंबूचमचा शर्यत, प्रत्येक नाच, प्रत्येक रडणारं मूल त्यांच्याच डोळ्यासमोरून गेलं. त्यांची स्वतःची मुलगी मिसुझुसुद्धा. मिसुझुचा एकही खेळांचा दिवस असा नव्हता की जो आईने नुसत्या डोळ्यांनी पाहिला.

पण त्यांना खरं शिकवलं ते दुसऱ्याच कामाने. पुढे घरोघरी छोटे कॅमेरे आले. लोक आपापल्या छोट्या टेपा दुकानात आणून द्यायचे आणि आजीला पाठवायला, मामाला पाठवायला मोठ्या कॅसेटवर कॉपी करून मागायचे. एक तासाच्या टेपची कॉपी करायला एक तासच लागतो, त्यात पळवाट नाही. मध्येच टेप अडकली तर म्हणून कुणीतरी समोर बसायला हवं. त्या हात्सुएबाई बसायच्या. जेवता जेवता, हिशोब लिहिता लिहिता त्या लोकांची लग्नं, सहली, वाढदिवस बघत राहायच्या. कोण बाप मुलाकडे बघतो आणि कोण मुलाच्या मास्तरणीकडे, हे त्यांना कॅमेरा कुठे रेंगाळतो त्यावरून कळायचं. कुणाच्या घरात बोलाचाल बंद आहे तेही. या कानाचं त्या कानाला मात्र त्यांनी कधी होऊ दिलं नाही.

सत्त्याण्णवच्या वसंतात तेत्सुझो गेले. पोटाचा आजार होता, पाच महिने चालला. मिसुझु तेव्हा नागोयाला दातांच्या दवाखान्यातल्या कामाचं शिक्षण घेत होती, शेवटची परीक्षा तोंडावर आलेली. तेत्सुझोंनी बायकोकडून वचन घेतलं: पोरीला परीक्षा होईपर्यंत सांगायचं नाही. हात्सुएबाईंनी वचन पाळलं. आजारपण मात्र परीक्षेसाठी थांबलं नाही. मिसुझु पोचली तेव्हा बाप पांढऱ्या कापडाखाली होता. तिने आरडाओरडा केला नाही. सगळे विधी नीट केले, पाहुण्यांना चहा दिला, आणि निघताना दारात एवढंच म्हणाली, "तुम्ही दोघांनी ठरवलंत. मला कुणी विचारलं नाही." त्यानंतर नव्या वर्षाचं शुभेच्छापत्र तेवढं यायचं, तेही छापील.

नव्याण्णवच्या शरदात एक दिवस कुगा नावाचा तिशीतला माणूस दुकानात शिरला. डोक्याला टॉवेल बांधलेला, डोळ्यांखाली काळं. वरच्या अंगाला गरम पाण्याच्या झऱ्यावर अंघोळीला येणाऱ्यांच्या मुक्कामाची जुनी, बंद पडलेली खानावळ होती, तिथे त्याचं चित्रीकरण चाललं होतं आणि बॅटरी भरायचं यंत्र जळलं होतं. हात्सुएबाईंकडे तसलंच एक होतं. "बॅटरी भरायला तासभर लागेल. बसा," त्या म्हणाल्या आणि पुन्हा आपल्या कॉपीकडे वळल्या.

पडद्यावर कुणाच्या तरी घरच्या उन्हाळी नाचाची टेप चालली होती. कंदील, ढोल, गोल फिरणाऱ्या बायका. मध्येच चित्र सटकन खाली गेलं आणि बराच वेळ कुणाच्या तरी चपला दिसत राहिल्या.

"हे काय झालं?" कुगाने विचारलं.

"सासूबाई आल्या."

"दिसत तर नाहीत कुणी."

"दिसणार कशा? जावयाने कॅमेरा खाली घेऊन वाकून नमस्कार केला ना. बटण बंद करायचं विसरला. आता बघा, पाच मिनिटं चपलाच." चपलाच दिसल्या. मागून सासूबाईंचा आवाज येत होता, की जावई वाळला आहे.

कुगा पुढे सरकून बसला. बॅटरी भरली तरी तो उठेना. मग त्याने सांगितलं की तो भुतांच्या कॅसेटी काढतो. तेव्हा भाड्याच्या कॅसेटींच्या दुकानात त्यांचं एक वेगळं फडताळच असायचं. साध्या माणसांनी सहज काढलेलं चित्रीकरण, त्यात नको ते दिसलं, आणि त्यांनी घाबरून ते कंपनीकडे पाठवून दिलं, असं सांगून विकायच्या कॅसेटी. पाठवायचं कुणी नाही. सगळं कुगा आणि त्याची तीन माणसंच करायची.

"माझा कॅमेरावाला या धंद्यात वीस वर्षं आहे काकू," तो म्हणाला. "त्याला वाईट काढताच येत नाही. मी म्हणतो हात हलव, तर तो असा हलवतो की वाटतं दारू पिऊन आलाय."

हात्सुएबाई हसल्या. "साधी माणसं कुठे हात हलवतात? ती बिचारी हात हलू नये म्हणून जिवाचा आटापिटा करतात. म्हणून तर हलतो."

 कुगाने खिशातून वही काढून ते वाक्य लिहून घेतलं. मग म्हणाला, "काकू, उद्या सकाळी खानावळीत याल का? फक्त दोन तास."

त्या गेल्या. का गेल्या हे त्यांना पुढेही नीट सांगता आलं नाही. दुकानात त्या दिवशी गिऱ्हाईक नव्हतं आणि ओबाताबाईंनी किल्ली सांभाळते म्हटलं, एवढंच त्या सांगायच्या.

खानावळीत भूत तयार होऊन बसलं होतं. भूत म्हणजे मोमोसे, कंपनीचे फोन घेणारी चोवीस वर्षांची मुलगी. अंगाने काडी, केस कमरेपर्यंत, म्हणून सगळ्या कॅसेटींतली भुतं तीच. पांढऱ्या कपड्यांवर रजई पांघरून ती गोड मिसो, म्हणजे सोयाबीनची आंबवलेली चटणी, लावून भाजलेले पिठाचे गोळे खात होती आणि थंडीने तिचे दात वाजत होते.

कुगाने समजावलं. एका बाईने आपल्या घरच्या जुन्या खानावळीची आठवण म्हणून चित्रीकरण केलंय, पाडायच्या आधी. जिना, खोल्या, न्हाणीघर. न्हाणीघराच्या दारात मोमोसे उभी असेल. "तिथे पोचलात की कॅमेरा तिच्यावर न्या, थांबा, आणि मग किंचाळून पळा."

"मी कशाला नेईन तिच्यावर?" हात्सुएबाई म्हणाल्या.

"भूत दाखवायचंय ना काकू."

"तुम्हाला दाखवायचंय. त्या बाईला तर न्हाणीघर दाखवायचंय. तिचं लहानपण तिथल्या अंघोळीच्या टाकीत गेलं. ती टाकीकडे बघणार. ही पोरगी कडेला उभी राहू दे. माझं लक्ष नाही, पण बघणाऱ्याचं जाईल. त्यालाच ओरडू दे, मी कशाला ओरडू?"

मोमोसे गोळा चावता चावता थांबली. "कुगासान," ती म्हणाली, "मला आत्ताच भीती वाटली."

तसंच झालं. हात्सुएबाईंनी टाकी दाखवली, तिच्या काठावरची फुटकी फरशी दाखवली, नळ सुटतो का बघितला. मोमोसे चित्राच्या डाव्या काठाला अर्धी कापलेली उभी होती आणि कॅमेऱ्याने तिला एकदाही पाहिलं नाही. टोकियोला परत जाऊन कुगाने ते चालवून बघितलं आणि फोन केला. वीस वर्षांच्या कॅमेरावाल्याने आपणहून राजीनामा दिला म्हणे, हसत हसत. त्याला लग्नांचं काम आवडायचं.

त्यानंतरची दहा वर्षं हात्सुएबाईंच्या आयुष्यातली सगळ्यात गंमतीची. महिन्या दोन महिन्यांनी कुगाची खिळखिळी मोटार उतारावर येऊन उभी राहायची. दुकानाच्या दाराला "आज बाहेरगावी काम" अशी पाटी लागायची. बंद पडलेल्या शाळा, रिकामे दवाखाने, धरणाखाली जायची घरं, सगळीकडे त्या फिरल्या. कधी त्या सहलीला आलेल्या आत्याबाई होत्या, कधी नवीन घर घेणारी सून, कधी चक्क एक बाप. बाप व्हायचं असलं की त्या कॅमेरा जरा वर धरायच्या आणि चालताना कशावरही जास्त थांबायच्या नाहीत. "बापांना घाई असते," त्या म्हणायच्या. "त्यांना वाटतं, काढून झालं की सुटलो."

कुगाला सगळं रात्री हवं असायचं. हात्सुएबाईंनी ते मोडून काढलं. रात्री कोण कॅमेरा घेऊन फिरतं? माणसं सहलीला जातात, डबा खातात, तेव्हा काढतात. म्हणून त्यांच्या बहुतेक कॅसेटी उन्हातल्या. मोटारीच्या टपावर मोठा थर्मास, भाताचे गोळे, आंबवलेला मुळा. पांढऱ्या कपड्यातली मोमोसे गवतावर बसून पायाला लागलेले डास मारतेय. एकदा एका डोंगरी रस्त्यावर खऱ्याखुऱ्या टपालवाल्याने तिला पाहिलं आणि सायकल, टोपी टाकून तो पळत सुटला. टोपी परत द्यायला ती त्याच्यामागे धावली, त्याने तर तो जास्तच पळाला.

एक प्रश्न कुगाला सतत छळायचा. बघणारी माणसं हमखास पत्रात विचारायची, की एवढी भीती वाटत होती तर त्या माणसाने कॅमेरा टाकून का दिला नाही? कोण मूर्ख अशा वेळी चित्रीकरण करत बसेल? "याला काही उत्तर नाही काकू," तो म्हणायचा. "या धंद्याचं हे भोकच आहे."

"टाकवत नाही तो," हात्सुएबाई म्हणाल्या. त्या वेळी त्या बॅटरी बदलत होत्या. "डोळ्याला काच लावलेली असली की माणूस थोडा लांब असतो. समोर चाललंय ते टीव्हीत चाललंय असं वाटतं. काच काढली की सगळं अंगावर येतं. घाबरलेला माणूस तर उलट जास्तच घट्ट धरतो."

"तुम्हाला कसं माहीत?"

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. कुगाने पुढे विचारलं नाही. पण त्या दिवसापासून त्याच्या कॅसेटींत कुणी कॅमेरा टाकून पळालं नाही.

अर्थात हे सगळं गावात कुणाला ठाऊक नव्हतं. कॅसेट खरी म्हणून विकायची, तर हात्सुएबाईंचं नाव कुठे येणार? त्यात चेहरे पुसट केलेले असायचे, आवाज घोगरा करून टाकलेला, नावं आली की वर टुंग असा आवाज. गावाला वाटे, त्या ताकासाकीच्या कुठल्याशा लग्नाच्या हॉलचं काम करतात. आणि मौज अशी की ओबाताबाईंना भुतांच्या कॅसेटींचं वेड. दर शनिवारी एक आणायच्या, रविवारी सकाळी तोफूचं भांडं घेऊन इकडे यायच्या आणि सगळी गोष्ट पुन्हा सांगायच्या.

"अगं, ती खानावळीतली," ओबाताबाई म्हणाल्या. "ती बाई नुसती टाकी बघत बसते गं. मी घरात ओरडतेय, अगं बये, डावीकडे बघ, डावीकडे. पण नाहीच. अशी कशी आंधळी बाई?"

"टाकी चांगली असेल."

"तुला चेष्टा सुचते. ती कॅमेरा धरणारी बाई, मला तर वाटतं ती आता नाही या जगात."

"असेल बाई," हात्सुएबाई म्हणाल्या आणि तोफूचं भांडं आत नेलं.

दोन हजार एकच्या वसंतात त्यांनी डोंगरातल्या एका बंद शाळेत एक टेप काढली. आई आपल्या मुलीला घेऊन आपली जुनी शाळा दाखवायला येते, अशी ती गोष्ट. मुलगी म्हणून ताकासाकीच्या नाटकाच्या वर्गातली एक शाळकरी पोर आणली होती, गोष्टीत तिचं नाव आया. शाळेला लांबलचक लाकडी वऱ्हांडा, दोन्ही बाजूंनी ऊन. पोर पुढे धावायची, हात्सुएबाई मागून. जिना आला की त्यांचा कॅमेरा आपोआप खाली तिच्या पायांकडे जायचा आणि त्या म्हणायच्या, "हळू, पायरी आहे." मोमोसे तीन ठिकाणी उभी होती आणि आईला ती फक्त तिसऱ्यांदा दिसायची होती.

तिसऱ्यांदा दिसली. वऱ्हांड्याच्या टोकाला, मुलीच्या मागे. हात्सुएबाई थांबल्या. कॅमेरा भुताकडे गेला नाही, मुलीवरच राहिला, आणि त्यांच्या तोंडून हलक्या आवाजात निघालं, "मिसुझु, इकडे ये."

पोरीने इकडेतिकडे बघितलं. मोमोसेने मान वर केली. कुगाने "थांबा" म्हणून सांगितलं आणि सगळे चहाला बसले. परत एकदा काढूया असं तो म्हणणार, असं हात्सुएबाईंना वाटलं. तो म्हणाला, "नावावर टुंग टाकू. हे परत होणार नाही."

त्या कॅसेटच्या शेवटी, कुगाच्या पद्धतीप्रमाणे, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली: ही टेप आमच्याकडे आली त्यानंतर चित्रीकरण करणाऱ्या बाईचा पत्ता लागलेला नाही.

जूनमधल्या एका रविवारी दुपारी दुकानातला फोन वाजला. ओबाताबाई समोरच बसल्या होत्या. हात्सुएबाईंनी नेहमीसारखं म्हटलं, "होशिना फोटो." पलीकडे कुणी बोलेना. फक्त श्वास येत होता.

"कोण बोलतंय?"

"आई?"

चार वर्षांनी आलेला आवाज. हात्सुएबाईंनी फोनची दोरी मुठीत धरली.

"तू घरी आहेस ना?" मिसुझु म्हणाली. "बरी आहेस ना? खरं सांग. या वेळी तरी खरं सांग."

"दुकानात आहे. बरी आहे. ओबाताबाई आल्यात. काय झालं तुला?"

आणि मग मिसुझु रडायला लागली. रडता रडता, तुकड्या तुकड्याने, सगळं बाहेर आलं. दवाखान्यातल्या मैत्रिणींनी गंमत म्हणून कॅसेट आणली होती. सगळ्या पांघरुणं ओढून बघत होत्या. मिसुझुला पहिल्या जिन्यालाच कसंतरी झालं. कॅमेरा पोरीच्या पायांकडे गेला, पायरी संपली तसा वर आला आणि वर येताना किंचित डावीकडे झुकला. तिच्या स्वतःच्या लहानपणाच्या सगळ्या टेपांत तो तसाच झुकतो. शाळेतल्या शर्यतीत, देवळाच्या पायऱ्यांवर, समुद्रावर. आवाज घोगरा केलेला होता, चेहरे पुसट होते, पण तो हात तिने आयुष्यभर पाहिला होता.

"मैत्रिणी भुताला घाबरत होत्या," ती म्हणाली. "आणि मी विचार करत होते, आई त्या शाळेत कशाला गेली? ती कुणाच्या पोरीला घेऊन गेली? मग शेवटी ते आलं. पत्ता लागलेला नाही म्हणून. मी रात्रभर फोनपाशी बसले, करायची हिंमत होईना. तू उचललाच नाहीस तर?"

 ओबाताबाईंकडे पाठ करून हात्सुएबाई म्हणाल्या, "मी काम करते गं त्यांच्याकडे. ते सगळं खोटं असतं."

"सगळं?"

"भूत खोटं. ती आमची मोमोसे. चांगली मुलगी आहे, फार खाते."

 मिसुझुने विचारलं, "ते टुंग वाजतं, त्याच्याखाली माझं नाव आहे का?"

"हो," हात्सुएबाई म्हणाल्या. "चुकून आलं."

फोन ठेवून त्या वळल्या तेव्हा ओबाताबाई हातातलं भांडं तसंच धरून बसल्या होत्या. मोमोसे कोण हे त्यांनी विचारलं. आता लपवून काय उपयोग होता? हात्सुएबाईंनी सगळं सांगितलं. ओबाताबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे दोन वर्षं मी दर रविवारी तुलाच येऊन सांगत होते? आणि तू तोंड मिटून मुळा खात होतीस?" त्या पंधरा दिवस बोलल्या नाहीत. मग एका सकाळी तोफू आणून ठेवला आणि विचारलं की पुढची कधी येणार.

मिसुझु ऑगस्टमध्ये, पितरांच्या सणाला आली. घरातल्या वेदीपुढे उदबत्ती लावली, हात जोडले, आणि बराच वेळ बापाच्या फोटोकडे बघत बसली. तो फोटो तेत्सुझोंनी स्वतःच आधी काढून ठेवला होता, ताठ, एका जागी. जेवण झाल्यावर ती म्हणाली, "शेवटचे महिने कसे होते ते मला कुणी सांगितलंच नाही."

हात्सुएबाई उठल्या आणि कपाटातून एक छोटी टेप काढून आणली. दवाखान्यातली होती. आजारपणात तेत्सुझोंना फोटो नको होता, पण व्हिडिओला ते कसे कोण जाणे तयार झाले होते. हात्सुएबाईंनी ती टेप काढून झाल्यावर एकदाही पाहिली नव्हती. दोघी शेजारी शेजारी बसल्या. पडद्यावर खिडकी दिसली, खिडकीबाहेरचं आवार, मग पलंगावरचा वाळलेला माणूस. तो कॅमेऱ्याकडे बघून वैतागल्यासारखा म्हणत होता, "किती वेळ धरशील? हात दुखेल. ठेव तो खाली आणि बस इथे."

कॅमेरा खाली ठेवला गेला नाही. सबंध अकरा मिनिटं तो तसाच होता, आणि हलत होता.

"तू का नाही ठेवलास?" मिसुझुने विचारलं.

"ठेवला असता तर रडले असते," हात्सुएबाई म्हणाल्या. "त्यांना रडणं आवडायचं नाही."

मिसुझुने टेप मागे नेऊन पुन्हा लावली. दोघींनी ती तीनदा पाहिली. तिसऱ्यांदा मिसुझुला बापाचं "हात दुखेल" ऐकून हसू आलं, कारण घरात असताना त्यांनी आईचा हात दुखतो का याची कधी चौकशी केलेली तिला आठवत नव्हती. माफी कुणी मागितली नाही. "मला सांगायला हवं होतंस," एवढं मिसुझु म्हणाली, आणि हात्सुएबाई म्हणाल्या, "हो, सांगायला हवं होतं." दुसऱ्या दिवशी दोघींनी मिळून दुकानाच्या काचा धुतल्या.

कुगा पुढच्या वेळी आला तेव्हा हात्सुएबाईंनी त्याला बसवून सांगितलं की पत्ता लागलेला नाही हे वाक्य आता लिहायचं नाही. "कुणाची तरी आई असते ती."

"पण काकू, ती बाई सुखरूप आहे असं लिहिलं तर घाबरणार कोण?"

दोघांनी बराच वेळ घासाघीस केली. शेवटी ठरलं ते असं: चित्रीकरण करणाऱ्या बाई सध्या दुसऱ्या गावी राहतात. रविवारी ओबाताबाई येऊन म्हणाल्या की हे तर आधीच्यापेक्षा भयंकर आहे. दुसऱ्या गावी का जावं लागलं असेल बिचारीला, या विचाराने त्यांना झोप आली नव्हती. आणि हे सगळं खोटं असल्याचं त्यांना आता ठाऊक होतं, हे विशेष.

पुढे कॅसेटी जाऊन डीव्हीडीच्या चकत्या आल्या, मग भाड्याची दुकानंच एकेक करून बंद झाली. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला. कुगा म्हणायचा, आता कुणी काही पाठवलं नाही तरी चालतं, लोक सगळं आपलं आपणच काढून इंटरनेटवर टाकतात. दोन हजार नऊच्या शरदात त्यांनी शेवटची टेप काढली, एका आटलेल्या तळ्याकाठी. मोमोसेला तेव्हा मूल होणार होतं, त्यामुळे भूत झाडामागे उभं करावं लागलं. ऊन छान होतं. काम लवकर आटपलं तरी कुणी निघेना. कुगाने पुन्हा पाणी उकळलं, मोमोसेने चौथा भाताचा गोळा घेतला, आणि हात्सुएबाईंनी, कामाचं काही नसताना, कॅमेरा उचलून त्या दोघांना जरा वेळ टिपलं. ती टेप त्यांनी कुणाला दिली नाही.

दुकान त्यांनी सोळा साली बंद केलं. मिसुझुने नागोयाला ये म्हणून खूप म्हटलं, पण त्या गेल्या नाहीत. ओबाताबाईंचे गुडघे गेले होते आणि त्यांना एकटं टाकवेना. मिसुझु मात्र दर महिन्याला येते. एकदा ती आपला फोन घेऊन बसली आणि म्हणाली, "आई, ऐक. इथे भुतांच्या जुन्या कॅसेटींचे शौकीन आहेत. त्यांनी शोधून काढलंय की एकतीस टेपा एकाच माणसाने काढल्यात. जिना आला की पायांकडे बघते म्हणून तिला पायवाली बाई म्हणतात. ती कोण, यावर वाद चाललेत. एक म्हणतो ती कधी अस्तित्वातच नव्हती."

"एकतीस नाहीत, त्रेचाळीस," हात्सुएबाई म्हणाल्या. "बापांच्या त्यांना कळल्या नसतील."

"लिहू का मग? सांगू त्यांना?"

हात्सुएबाईंनी विचार केला. कुगा आता ओसाकाला जाहिराती काढतो, नव्या वर्षाला हाताने लिहिलेलं पत्र पाठवतो. मोमोसेची मुलगी आता शाळेत जाते. "कशाला," त्या म्हणाल्या. "त्यांना शोधू दे. शोधायला मजा येते." आणि मग त्यांनी मिसुझुला त्या टपालवाल्याची गोष्ट सांगितली, जी तिने कधी ऐकली नव्हती, टोपी आणि सायकलीसकट, आणि सांगता सांगता त्यांना इतकं हसू आलं की पुढचं वाक्य पुरं करायला तीनदा थांबावं लागलं.